सात वेढे

मित्रांनो, मी एक जुनी सहाण आहे. अंगाने वाटोळी, स्वभावाने थंड आणि, खोटे कशाला बोलू, थोडीशी गर्विष्ठ. एका पाथरवटाने मला काळ्या दगडातून घडवले. शेवटी त्याने माझ्या तोंडावर बारीक टाकी मारली. तेव्हा मी इतकी खरखरीत होते, की पहिल्याच दिवशी मावशीच्या आईच्या बोटाचे सालटे काढले. बोट तोंडात घालून ती कौतुकाने म्हणाली, "बया गं! चांगलीच तिखट आहे ही."

मावशी म्हणजे सगळ्या गल्लीची मावशी. आईकडून तिच्याकडे दोन गोष्टी आल्या. एक मी आणि दुसरी एका रानवेलीच्या मुळीची ओळख. पोटात मुरडा आला की लोक आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी येत. मावशी माझ्यावर चमचाभर पाणी घाली, मुळी धरी आणि गोल गोल उगाळू लागे. मोठ्या माणसाला सात वेढे. आईने सात सांगितले म्हणजे सात, त्यात घासाघीस नाही. मग औषध बोटाने निपटून वाटीत घेई आणि दम देई, "गपकन गिळायचं. तोंड वाकडं करायचं नाही."

तासाभरात माणूस हसत घरी जाई. मावशीच्या हाताला गुण आहे, असे सगळे म्हणत. माझे नाव कोणी घेत नसे. मला त्याचे काही वाटत नसे. बरे, थोडे वाटायचे.

वर्षे गेली. उगाळून उगाळून माझे तोंड गुळगुळीत झाले. पाहुणे माझ्यावरून हात फिरवत आणि म्हणत, "काय तुकतुकीत आहे, आरसाच जणू!" मी आतून फुलून जाई. मावशी मला रोज धुऊन, पुसून खिडकीत उन्हाला टेकवून ठेवी. माझ्याइतके लाड त्या घरात कोणाचेच नव्हते.

आणि मग औषधाचा गुण ओसरू लागला. आधी एक जण दुसऱ्या दिवशी परत आला, मग दोघे. समोरचे शिंपीकाका तर नेमाने येत, औषध घेत, तासभर बसत आणि पोट धरूनच उठत. एकदा ते म्हणाले, "मावशी, खरं सांगू? हल्ली औषधापेक्षा तुमच्या बोलण्यानंच बरं वाटतं."

काका बोलले ते प्रेमाने. मावशी हसलीही. पण ते गेल्यावर ती आपले दोन्ही हात उलटेसुलटे करून बघत बसली. मग तिने मुळ्यांची पिशवी घट्ट बांधली आणि मला फडक्यात गुंडाळून कपाटाच्या तळाशी ठेवले. त्या अंधारात मी महिनाभर होते. मला वाटले, मावशी रागावली आहे.

मावशीची भाची औषधी वनस्पती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. ती आली, तेव्हा मावशीने तिला सांगितले, "माझ्या हाताचा गुण गेला गं. मी बंद केलं सगळं."

"हाताचं नंतर बघू. आधी मुळी दे."

"माझ्या आईची परीक्षा घेतेस?"

"आजीची कशाला घेऊ? मुळीची घेते."

तीन आठवड्यांनी ती परत आली. "मावशी, मुळी खणखणीत आहे. आखडलेला स्नायू तिच्या अर्कानं सैल पडतो. पण अर्क पुरेसा हवा. कमी पडला तर ढिम्म काही होत नाही. तू किती देतेस?"

"सात वेढे."

"म्हणजे किती?"

सावलीचे वजन विचारावे तसे मावशीने तिच्याकडे पाहिले. "सात म्हणजे सात!"

मग कपाटातून मला बाहेर काढले. मावशीने सात वेढे उगाळले. भाचीने ते सगळे काचेच्या बशीत निपटून घेतले, वाळवले आणि सोबत आणलेल्या नाजूक काट्यावर तोलले. नंतर तिने मला पालथे केले. माझी पाठ फुगीर, पण कधीच न वापरलेली, पहिल्या दिवसासारखी खरखरीत. खाली ओला टॉवेल घालून तिने मला स्थिर केले. मावशीने तिथेही सात वेढे घातले. या वेळी औषध तिपटीहून जास्त भरले.

मित्रांनो, दगड असूनही मला भुईत गडप व्हावेसे वाटले. ज्या तुकतुकीतपणाचा मी तोरा मिरवत होते, त्यानेच मावशीच्या लोकांचे औषध खाल्ले होते.

"म्हणजे माझा हात..." मावशी पुटपुटली.

"हात आहे तस्साच आहे. ही झिजलीय."

मावशीचे डोळे भरून आले. माझ्यावर रागावायचे सोडून तिने मलाच गोंजारले. "अगं वेडे, मग बोलली का नाहीस?"

दुसऱ्या दिवशी पाथरवट आला. टाकीचे घाव बसू लागले तशी मावशी कळवळली, "जरा बेतानं हो, म्हातारी आहे ती!" भाचीने तो काटा मावशीलाच देऊन टाकला. दर महिन्याला सात वेढे तोलून बघायचे आणि दुसऱ्या दिवशीही दुखले तर माणसाला डॉक्टरकडे धाडायचे, असे तिने बजावले. "बरं बाई," मावशी म्हणाली आणि चष्मा शोधू लागली.

पहिले औषध शिंपीकाकांना दिले. या वेळी मावशीने सातही वेढे मोठ्याने मोजले. दुसऱ्या दिवशी काका पुन्हा दारात उभे राहिले. मावशीचा चेहरा पडला.

"आज औषधाला नाही आलो," काका म्हणाले. "आज नुसता बोलायला आलोय."

मित्रांनो, मी आता पुन्हा खिडकीत असते. तुमच्या घरी माझ्यासारखे जुने, कामाचे कोणी असेल तर त्याला जरूर पुसा, उन्हाला ठेवा, त्याचे लाड करा. पण अधूनमधून त्याला काट्यावरही घाला. मी वाईट वाटून घेणार नाही. मला बोलता येत नाही, म्हणून तुम्हीच विचारत राहा.