अठरा जीव

दादामियाँचं पत्र येऊन अकरा दिवस झाले होते आणि मी उत्तर दिलं नव्हतं. ते मी शब्दकोशात ठेवलं होतं. कोश उघडला की पत्र दिसायचं, आणि मी कोश मिटायचो.

त्यांचं मार्केट यार्डात सुतळी-बारदानाचं दुकान. अक्षर सुरेख. ‘आदरणीय महोदय, कर्करोगाच्या नव्या औषधानं वीसपैकी अठरा जीव वाचले, हे आपण लिहिलंत. माझ्या पत्नीला, अख्तरबानूला, हाच आजार आहे. केमोचे दोन डोस झाले, फार त्रास होतो. तिसरा वीस तारखेला. ती म्हणते, तो नको, नव्या औषधासाठी थांबू. थांबावं का? आपण जाणकार आहात.’

मी जाणकार नाही, निवृत्त ग्रंथपाल आहे. शेजारची नम्रता एका प्रयोगशाळेत काम करते. तिनं सांगितलं ते मी एका मासिकासाठी लिहून काढलं, इतकंच. एका परिच्छेदात ‘उंदीर’ सात वेळा आला. कानाला खटकला, म्हणून सगळीकडे खोडून ‘जीव’ केलं. संपादकांनी नेमका तोच परिच्छेद चौकटीत छापला.

सतरा तारखेला मी पत्र घेऊन नम्रताकडे गेलो. तिनं ते उभ्यानंच वाचलं.

“काका, हे कधी आलं?”

“झाले थोडे दिवस. मला कळेना, काय लिहावं. औषध चाललं की नाही?”

“उंदरांत चाललं. उंदरांचा कर्करोग आम्ही कितीदा तरी बरा केलाय. त्यांनी आमचा सत्कार करायला हवा.”

“पण गाठ माणसाची होती म्हणालीस.”

“गाठ माणसाची, पाठ उंदराची. आणि तिथे रुजवलेली ती गाठ टिकावी म्हणून प्रतिकारशक्ती जवळपास नसलेले उंदीर. माणूस असा असतो का? ते मॉडेल आहे, माणसाच्या आजाराची नक्कल.”

“म्हणजे खोटं?”

“खोटं नाही.”

“मग खरं?”

“अजून नाही.”

दोन्ही उत्तरं मी वहीत लिहून घेतली. पुन्हा वाचून पाहिली. जे खोटं नाही आणि खरंही नाही, त्याला काय म्हणायचं?

“माणसांवर चाचणी कधी?”

“आधी इतर प्राणी, मग परवानग्या. काही वर्षं. कदाचित कधीच नाही. काका, तुम्ही स्वतः दुकानात जा.”

“तोंडी मला जमायचं नाही. समोर बसलो की मी पुन्हा जाणकार होईन.”

“मग लिहा. आत्ता, इथेच.”

पहिला कागद ‘जीव’ या शब्दाबद्दलच भरला. नम्रतानं तो बाजूला सरकवला. “त्यांनी अर्थ विचारलेला नाही. थांबावं का, असं विचारलंय.”

दुसऱ्या कागदावर लिहिलं: ‘थांबू नका. वीस तारखेचा डोस चुकवू नका. त्रास होतो ते डॉक्टरांना सांगा, त्यावर उपाय असतात. ते अठरा जीव उंदीर होते. ते औषध अजून एकाही माणसाला दिलेलं नाही. चूक माझ्या शब्दाची आहे. उत्तराला उशीर केला, तीही माझीच.’

‘आशा सोडू नका’ असं खाली लिहिलं आणि खोडलं. कशाची आशा, ते मला सांगता येईना.

पोस्टात खिडकीपलीकडच्या बाईंना विचारलं, “स्पीड पोस्टनं उद्या पोचेल ना?”

“मार्केट यार्डच ना आजोबा? चंद्रावर नाही.”

त्यांनी पाकिटावर शिक्का मारला आणि ते मागच्या थैलीत टाकलं.