बिनधानाचं खळं

मित्रांनो, ज्या दिवसानंतर माझं काम सुटलं, तो दिवस अगदी साधा होता. सत्तेचाळीस साल नुकतंच लागलं होतं. टेकचंदजींनी खेळपट्टीवर पाणी शिंपडलं, शेणाने सारवलं, सारवण सुकू दिलं आणि मला वरून हळूहळू फिरवलं. दुपारी त्यांची मुलगी रुख्मिणी डबा घेऊन आली. दवनीवाड्याहून माहेरपणाला आली होती.

"कसं झालं व, माय?" त्यांनी विचारलं.

"खळं तं झालं जी, बाबा. धान कवा येते?"

"तुह्या सासरहून धाड एक गाडी!"

दोघंही हसली. ते जेवत होते तोवर ती माझ्या पाठीवर बसून पुस्तक वाचत होती. दुसऱ्या दिवशी पहाटे टेकचंदजी उठले नाहीत.

मी जमीन दाबायचा एक जुना दगडी रूळ आहे. गोंदियाला आगगाडी आली तेव्हा फलाटाची माती बसवायला मला घडवलं. पुढे रेल्वेच्या साहेबांनी मला आपल्या क्रिकेटच्या मैदानावर फिरवलं. मग त्यांच्याकडे लोखंडी रूळ आला आणि मी झुडपांत पडलो. कित्येक वर्षं माझ्या अंगाला कुणाचा हात लागला नाही. तिथून टेकचंदजींनी मला बैलगाडीत घालून आपल्या शेतावर आणलं. धानाच्या तीन चांगल्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, मोडून त्यांनी तिथे मैदान केलं होतं.

खेळपट्टी कशी करतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. मळणीचं खळं करणं मात्र हातचं होतं. तशीच त्यांनी ती केली. चेंडू गुडघ्याच्या वर यायला तयार नसे. गावाने नाव ठेवलं, बिनधानाचं खळं.

पहिल्या सामन्याला साहेबांचा संघ बूट घालून आला. टेकचंदजी वाटेत उभे राहिले.

"साहब, जूते उतारो."

"ये क्रिकेट का मैदान है, टेकचंद!"

"है न, साहब. पर खलिहान भी है."

खळ्यावर अन्न उतरतं, तिथे जोडे चालत नाहीत. साहेब चिडून परत गेले. सामना झाला नाही. पण त्याच संध्याकाळी शालीकराम वकील आणि गावातली चार माणसं माझ्या अवतीभोवती बसली, आणि जिल्ह्याचं क्रिकेट मंडळ उभं राहिलं. पहिला नियम एकच, खेळपट्टीवर अनवाणी. तिरोडा, अर्जुनी, भंडारा इथले संघ येऊ लागले. पुढे साहेबही आले, बूट हातात घेऊन. त्या दिवशी झालेल्या टाळ्या माझ्या दगडात अजून आहेत.

मग दुसरी मोठी लढाई सुरू झाली आणि संघ येईनासे झाले; ती संपली तरी कुणी परत आलं नाही. टेकचंदजी तरी एकटेच खळं करत राहिले. रुख्मिणी आली की विचारत, "कसं झालं?" ती तीच थट्टा करी. ते हसत; पण हसून झाल्यावर थोडे थांबत, आणखी काही ऐकू येईल म्हणून. ते थांबणं माझ्याशिवाय कुणी पाहिलं नाही.

तेरवी झाली. मंडळाची माणसं भेटून गेली; मैदानाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. सारवण भेगाळलं, माझ्या दांड्याला कोळ्यांनी जाळी धरली. मित्रांनो, दगडाला ऊन लागत नाही, पण हात सुटल्याचं कळतं. वापरातली वस्तू जपा, आणि जपणाऱ्याला त्याच्या कानांनी ऐकू येईल असं काही बोला.

एका सकाळी टेकचंदजींचे धाकटे भाऊ खेमराज बैल आणि नांगर घेऊन आले. मागून रुख्मिणी आली.

"काकाजी, काय करून राहिले?"

"धान पेराचं आहे, पोरी. खेळणारा गेला, आता कायले ठेवाची हे जमीन? तूच तं म्हणत होती, धान कवा येते."

 कडेला तिने चपला काढल्या. भेगाळलेल्या खेळपट्टीवर चालत ती मधोमध गेली, खाली बसली आणि सारवणावर तळहात टेकला. खेमराजांनी बैल थांबवले. थोड्या वेळाने त्यांनी आपले जोडे काढून बाजूला ठेवले.

"बाबा," ती मोठ्याने म्हणाली, "लय साजरं झालं जी."