मधलं माणूस

सायकलशी माझं काहीएक देणंघेणं नाही, हे आधीच सांगते. तरी २००६ सालच्या त्या मार्चमध्ये मी न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, डॅन्सी पासच्या कच्च्या रस्त्याने भाड्याची गाडी पहिल्या गिअरमध्ये रेटत होते आणि पुढे दोन सायकली खडी उडवत चालल्या होत्या. एकीवर माझा नवरा रणजित. दुसरीवर माझे सासरे नानासाहेब, वय बहात्तर, हेल्मेटच्या आत कानटोपी आणि पँटचे पाय मोज्यांत खोचलेले. दोघांच्याही तोंडावर बोर्डाच्या परीक्षेला बसल्यासारखा भाव होता.

खरा प्रश्न सायकलचा नव्हताच. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, आदल्या वर्षी गेल्या. त्यानंतर रणजितने नानांना पुण्याहून ऑकलंडला, फ्लॅट बुशच्या आमच्या घरी आणलं. त्यांचा व्हिसा त्या महिनाअखेरीला संपत होता. नानांनी कायमचं इथे राहायचं की परत जाऊन पुण्यात एकटं राहायचं, हे ठरायचं होतं. सोमवारी राहण्याचा अर्ज द्यायचा, नाहीतर तिकीट काढायचं. नानांना हा देश आवडावा म्हणून रणजितने ही टूर काढली होती. का, तर नानांना सायकलचं भारी वेड. हे मी लग्न झाल्यापासून ऐकत आले आहे. आईंनीच त्याला लहानपणी सांगितलं होतं की तुझे वडील एवढ्या लांबच्या कारखान्यात सायकलने जातात ते निव्वळ हौस म्हणून.

आता या घराण्याची एक पद्धत सांगायला हवी. बाप आणि मुलगा एकमेकांशी बोलत नाहीत. भांडण वगैरे काही नाही हं, चांगलं प्रेम आहे. पण रणजितला काही हवं असलं की तो आईंना सांगायचा, आई नानांना वाढताना विषय काढायच्या आणि नानांचं उत्तर आमटीबरोबर रणजितच्या पानात यायचं. आमचं लग्नसुद्धा असंच आमटीतून ठरलं. आई गेल्या आणि हे खातं माझ्याकडे आलं. नाना सोफ्यावर बसलेले असायचे, रणजित त्याच सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला, आणि मला स्वयंपाकघरात हाक यायची की नीलिमा, नानांना विचार ना, टीव्हीचा आवाज कमी करू का. अरे, कर ना बाबा. मी नोकरी करते, मोटरवेवर रोज दोन तास घालवते, घरी सिद्धी, आमची टीनएजर मुलगी, आहे. त्यात ही टपालाची ड्यूटी. मी कंटाळले होते, अगदी हाडापर्यंत.

त्या दिवशी चढ सुरू झाला आणि दोघं गळपटले. दोन्ही बाजूंना नुसते पिवळ्या गवताचे डोंगर, झाड म्हणून नाही, आणि वारा असा की सायकल एका जागी उभी राहायची. दर दोन वळणांनी कोणीतरी एक जण उतरायचा आणि माझ्या खिडकीशी यायचा. मेंढ्यांच्या एका फाटकापाशी नाना आले. पाणी प्यायले, पुढे वाकून रणजित किती लांब आहे ते बघितलं आणि हळूच म्हणाले, "नीलिमा, त्याला जरा सांग. मला आता जाऊ दे पुण्याला. तू सांगितलंस म्हणजे त्याला लागणार नाही."

मी हं म्हटलं. पुढच्या वळणावर रणजित थांबला होता. नाना मागून सायकल ढकलत येत होते. खिडकीत डोकं घालून म्हणतो कसा, तू नानांना विचार ना, अर्ज देऊन टाकू का. तू विचारलंस तर ते हो म्हणतील. घामाने त्याचा चेहरा लाल झाला होता आणि डोळ्यांखाली काळं. आई गेल्यापासून हा माणूस पाचच्या ठोक्याला ऑफिसातून निघत होता, शनिवार-रविवार नानांना कुठे ना कुठे फिरवत होता आणि रात्री राहिलेलं काम उरकत होता. त्याला स्वतःला काय हवंय, हे मी विचारलं तर म्हणाला की नाना म्हणतील तसं.

माझं डोकंच फिरलं. खरं सांगते, नाना गेले असते तर मला हायसं वाटलं असतं, आणि राहिले असते तर मी सगळं प्रेमाने केलं असतं. मला फक्त मधे उभं राहायचं नव्हतं. मी गाडीतून उतरले. नाना येईपर्यंत थांबले आणि दोघांना समोरासमोर उभं करून म्हटलं, "मी कोणाला काही सांगणार नाही आणि विचारणार नाही. तुम्ही दोघं बोला. मी पलीकडे खाली थांबते."

आणि गेले की खरंच. आरशात दोघं दिसत होते, सायकली धरून उभे, माझ्याकडे बघत. एकमेकांकडे नाही.

खिंडीच्या माथ्यावर मी गाडी थांबवलीसुद्धा नाही. पलीकडे उतार संपला तिथे एक ओढा होता, त्याच्याकाठी गाडी लावली आणि जरा डोकं टेकलं. राग होता तोवर बरं चाललं होतं. मग डबा काढला आणि पर्समध्ये चमचा शोधायला गेले तर हाताला नानांच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या लागल्या. दुपारची गोळी घ्यायची होती. डबा माझ्याकडे, पाणी माझ्याकडे, गोळ्या माझ्याकडे, आणि मोबाइलला रेंज नाही. काय बाई मी तरी. परत वर जावं तर वाटेत अवघड वळणावर चुकामूक होईल की काय, आणि न जावं तर तिकडे नानांना काही झालं तर. लाजही वाटत होती, कारण मी एवढा तोरा दाखवून आले होते. गाडी वळवायला घेतली तेवढ्यात वरून एक युट, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी, उतरली. मागे दोन कुत्री. शेतकऱ्याने काच खाली करून मी ठीक आहे ना ते विचारलं. मी म्हटलं, वर दोन सायकलवाले दिसले का. दिसले म्हणाला, माथ्यावर रस्त्याच्या कडेला बसलेत. हसतायत की रडतायत ते काही कळलं नाही, पण पाण्याची बाटली देऊन आलोय. मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला की म्हातारबाबा अगदी बरे आहेत, भरपूर बोलतायत.

नाना आणि भरपूर बोलतायत. मी इंजिन बंद केलं.

दोघं आले तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. चालत आले, सायकली हातात. रणजितचे डोळे सुजले होते. त्याने नानांच्या हातातून सायकल घेतली आणि मागे रॅकला बांधायला लागला. नाना मागच्या सीटवर बसले. मी गोळी दिली, धपाटं दिलं. ते निम्मं खाऊन झाल्यावर म्हणाले की मी जातोय, पाडव्याला पुण्यात असेन.

मी विचारलं, रणजित काय म्हणाला. नाना म्हणाले, "मी त्याला विचारलं, मी राहिलो तर तुला बरं वाटेल का, खरं सांग. म्हणाला, नाना, मला झेपत नाहीये. एवढं म्हणाला आणि रडायला लागला बिचारा."

मग नाना थोडं हसले. म्हणाले, मग मीही म्हटलं की बाबा रे, मला सायकलचा शौक कधीच नव्हता. स्कूटरचा नंबर लागत नव्हता, लागला तेव्हा तुझ्या कॉलेजची फी भरायची होती. म्हणून सायकल. तर तो बघतच राहिला. म्हणाला, आई तर सांगायची की तुम्हाला आवडतं. त्यावर आम्ही दोघंही हसत सुटलो, ते कुत्र्यांचे मालक आले तेव्हा.

मलाही हसू आलं. वाटलं, झालं एकदाचं. मी सुटले. मागे रणजितची पट्ट्यांशी झटापट चालली होती, गाडी हलत होती. नाना धपाट्याचा तुकडा हातात धरून बसले होते. हसू केव्हाच गेलं होतं.

म्हणाले, हिने, तुझ्या सासूने, त्याला माझं असं गोड करून सांगितलं. मग मला त्याचं काय काय सांगितलं असेल गं.

मी पुढच्या सीटवर वळून डब्याचं झाकण लावायला घेतलं.

"रविवारी तुमचा फोन यायचा. मी आपला पेपर वाचत बसलेला असायचो. फोन ठेवला की ही म्हणायची, रणजितने पहिलं तुमचंच विचारलं. गुडघा कसा आहे म्हणाला. इतकी वर्षं, दर रविवारी. विचारायचा का तो?"

रविवारचा फोन आमच्या स्वयंपाकघरात स्पीकरवर असायचा. मी पोळ्या लाटता लाटता सगळं ऐकायचे. सिद्धीची शाळा, घराचा हप्ता, तिकडचा पाऊस, आईंची भिशी. गुडघ्याचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं. नानांचा गुडघा दुखतो, हे मला त्या क्षणी, त्या गाडीत पहिल्यांदा कळलं, आणि त्याच गुडघ्यावर आम्ही त्यांना डोंगर चढायला लावला होता.

सकाळीच मी ठरवलं होतं की यापुढे या दोघांमधलं एक अक्षर इकडून तिकडे नेणार नाही. नाना मागून माझ्याकडे बघत होते. आरशात मला त्यांचे डोळे दिसत होते.

"विचारायचा, नाना. फोन उचलल्याबरोबर, आधी तेच."

रॅकची शेवटची पट्टी ओढून रणजितने गाडीवर थाप मारली, म्हणजे झालं म्हणून.

"म्हणजे ही खरं सांगत होती," नाना म्हणाले आणि गुडघा चोळत बसले.