यत्तरनेसच्या तारेवर शंभर ओहम

“उद्या जेवणं झाली की मी शेगडी लावीन. तुझ्याकडची सुई उठली, की समज, मी विचारतोय. नांदायला येणार असशील तर दिवे एकदा मंद कर. नसशील तर राहू दे तसेच. मी काही रडत बसणार नाही, कॉफी पिऊन घेईन.”

आयलिफचा तो आवाज गुन्वोरच्या कानात अजून जसाच्या तसा होता, धक्क्यावरचा वारा आणि त्यात विरलेलं हसू यांच्यासकट.

बेटाचं वीजघर धबधब्याच्या पायथ्याशी होतं आणि तिथली सगळी कामं गुन्वोरचा बाप बघायचा. पुढे तो अंथरुणाला खिळला तशी ती बघू लागली. बापानं तिला हिशेब पाढ्यांसारखा नव्हे, गाण्यासारखा शिकवला होता:

दाब भागावा धारेनं, अडसर कळे वाटेतला,
दाब गुणावा धारेनं, राबता कळे घरातला.

दाब म्हणजे व्होल्ट, धार म्हणजे अँपिअर, अडसर म्हणजे ओहम, राबता म्हणजे वॅट. एवढ्यावर गावात कुणाकडे इस्त्री चाललीय आणि कुणी नुसताच दिवा जाळतंय, हे ती जागेवरून सांगायची. संगमरवरी फळीवर प्रत्येक तारेची वेगळी सुई होती, आणि अगदी कडेची सुई यत्तरनेसची. तिथं, बेटाच्या टोकावर, एकच घर, आयलिफ आणि त्याच्या आईचं. बाजारातली विजेची शेगडी दोन अँपिअर घ्यायची. आयलिफच्या शेगडीची तार एकदा तुटली, तेव्हा त्यानं ती तुकडा कापून जोडली, म्हणून ती जरा जास्त, दोन पूर्णांक दोन घेई. दोनशेवीस व्होल्टला या आकड्यानं भागलं की नेमके शंभर ओहम. गावात दुसऱ्या कुठल्याच घराचा हा आकडा नव्हता. आकड्यावरून माणूस ओळखायचा म्हणजे असा.

धक्क्यावरच्या त्या बोलण्याच्या दुसऱ्या दिवशी सुई उठली होती. गुन्वोरनं दाब कमीजास्त करायच्या मुठीवर हात ठेवलाही होता. पलीकडच्या खोलीत बाप खोकला. आपण गेलो तर या पाण्याकडे आणि या म्हाताऱ्याकडे कोण बघणार, असं मनात आलं आणि तिनं हात काढून घेतला. सुई बराच वेळ वाट बघत उभी राहिली, मग खाली बसली. पहाटे आयलिफ कॉड मासे मारायला गेला. ती नाव परत आली नाही.

त्याला आता पुष्कळ हिवाळे झाले. बाप गेला. आयलिफची आई आस्लाउग मुलीकडे राहायला गेली. जाताना तिनं शेगडी गुन्वोरच्या हातात दिली. तुझ्याकडेच असू दे, एवढंच म्हणाली. ती शेगडी आता वीजघरातल्या फडताळात होती. गुन्वोरनं ती कधी लावली नाही. आयलिफचं आणि तिचं काय ठरलं होतं, हेही तिनं कुणाला सांगितलं नाही.

नाताळानंतरच्या त्या दुपारी बाहेर निळसर काळोख होता. इतक्या उत्तरेला हिवाळ्यात सूर्य उगवतच नाही, तो यायला अजून काही आठवडे होते. बेटावर आता मुख्य भूमीवरून तारांच्या मोठ्या जाळ्याची वीज आली होती, आणि जुन्या तारा उतरवायला रायदार तारवाला आला होता. यत्तरनेसच्या घरावरची तार सकाळीच कापून आल्याचं त्यानं बूट आपटत सांगितलं. दाराला खिळे ठोकलेले, पायरीवर बर्फ, त्यावर पक्ष्याचंसुद्धा पाऊल नाही. आता इथला खटका पाडला की ती तार मेली. ही डबडी तुला जीव की प्राण आहेत, रडू नकोस म्हणजे झालं, अशी त्यानं टोमण्याची पुस्तीही जोडली.

तेवढ्यात कडेची सुई उठली.

रायदारनं काच टिचकीनं वाजवली. “खारं वारं सुटलंय. खांबावरच्या चिनीमातीच्या वाट्यांवर मीठ बसलं असेल, त्यातून वीज गळतेय.”

“मीठ थरथरतं, रायदार. ही बघ, खिळ्यासारखी उभी आहे.”

सवयीनं त्यानं भागाकार केला. शंभर ओहम. गुणाकार केला. चारशे चौऱ्याऐंशी वॅट. “शेगडी दिसतेय,” तो हसत म्हणाला आणि मध्येच थांबला. सकाळी कापलेल्या तारेच्या टोकाला कुठली शेगडी?

गुन्वोरनं फडताळ उघडलं. शेगडी तिथंच होती, अंगावर धूळ, प्लगभोवती आस्लाउगनं बांधलेली लोकरीची दोरी. तिनं तळवा ठेवून पाहिला. गार होती, पण खोलीपेक्षा जास्त गार, खोल पाण्यात असावी तशी.

तिनं मूठ धरली. दिवे मंद करायचे होते, आता तरी. पण घाबरलेल्या रायदारनं त्याआधीच खटका पाडला. वर जनित्राचा पट्टाही त्यानं उतरवला. चाक घरघरत थांबलं, दिवे विझले, आणि धबधब्याचा आवाज एकदम जवळ आला.

रायदारनं बॅटरी फळीवर धरली. दाबाची सुई शून्यावर. धारेची सुई दोन पूर्णांक दोनवर, जशीच्या तशी.

“अडकलीय,” तो पुटपुटला. त्यानं फळीवर बुक्की मारली. सुई हलली नाही. “हे बरोबर नाही, गुन्वोर. चल बाहेर.”

ती मनात भागाकार करत होती. शून्याला दोन पूर्णांक दोननं भागलं. उत्तर शून्य. दाब नाही, आणि वाटेत अडसरही नाही. मूठ हातात होती, पण ती आता कशालाच जोडलेली नव्हती. मंद करायला दिवाच उरला नव्हता.

रायदार दाराशी जाऊन तिला पुन्हा पुन्हा हाक मारत होता. गुन्वोरनं मूठ सोडली. कपाळ काचेला टेकवलं. काच गार होती, तिच्या श्वासानं धुरकटली. पलीकडे ती बारीक काळी रेघ वाट बघत उभी होती.

“येते,” ती सुईला म्हणाली. “तेव्हाही येणारच होते रे.”