चौदातला एक हिस्सा

तेवीस वर्षं उभं राहून पार्लरवालीचे गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा तिने दुकान हाताखालच्या मुलीलाच विकलं. आलेल्या पैशांचं काय करायचं, हे थोरल्या बहिणीने ठरवलं. एक कंपनी लोकांचे पैसे गोळा करून घर तारण ठेवणाऱ्यांना कर्ज देई आणि दरमहा व्याज पोहोचवी.

"तू नुसतं बसून खायचंस, धाकटे," थोरली म्हणाली. "घर तारण आहे. घर कुठे पळून जातंय?"

सोफे शिवणाऱ्या एका माणसाच्या घरावर चौदा जणांनी मिळून कर्ज दिलं. त्यात एक हिस्सा पार्लरवालीचा, एक थोरलीचा. दीड वर्ष व्याज बिनबोभाट आलं. त्या भरवशावर तिने गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख घेतली आणि त्याच महिन्यात व्याज थांबलं.

तिने कंपनीत फोन लावला.

"मुदतीआधी पैसे काढता येत नाहीत, मॅडम. अजून साडेतीन वर्षं आहेत."

"मग माझा हिस्सा दुसऱ्या कुणाला विका."

"थकलेल्या कर्जातला हिस्सा कोण घेणार?" फोनवरची मुलगी इतकं गोड बोलत होती की हिला धड भांडताही येईना.

शेवटी कर्जाच्या कागदावरचा पत्ता शोधत, दोन बस बदलून ती त्या घरी गेली. पुढच्या खोलीतच कारखाना होता. फोमचे तुकडे, कापडाचे तागे आणि मधोमध कापड काढलेला एक सोफा. माणसाला वाटलं, गिऱ्हाईक आलं.

"मी त्या चौदातली एक," ती म्हणाली.

त्याने हातातली कात्री खाली ठेवली. "बसा."

बसायला तो उघडा सोफाच होता.

"एका हॉटेलने चाळीस खुर्च्या सांगितल्या आणि हॉटेलच बंद पडलं," तो म्हणाला. "सगळ्या मागे पडून आहेत."

आतून म्हातारा आवाज आला, "कोण आहे रे? गिऱ्हाईक?"

"हो, आई."

"मग चहा दे चांगला."

तो हलक्या आवाजात म्हणाला, "तिला काही सांगितलेलं नाही. कंपनी तुम्हा चौदा जणांना घराच्या लिलावाचं विचारेल, तेव्हा तुम्ही नाही म्हणाल ना?"

"बघते," एवढंच ती बोलली. चहा प्यायली. निघताना त्याच्या बायकोने तिचा फोन नंबर मागून घेतला.

आठवड्याने कंपनीचा कागद आला. घर लिलावात काढायचं का? हो किंवा नाही. दोन दिवस तो कागद टेबलावर पडून होता. तिसऱ्या दिवशी इस्पितळातून आगाऊ रकमेसाठी फोन आला आणि तिने 'हो'वर खूण केली.

तेरा जण हो म्हणाले, एक नाही. ती एक थोरली निघाली.

"तू त्याच्या घरी चहा पिऊन आलीस आणि हो म्हणालीस?" थोरली म्हणाली.

"तुला एवढी दया कधीपासून आली?"

"दया कसली! लिलावात निम्मेही पदरात पडत नाहीत, म्हणून."

लिलाव झालाच नाही. माणूस कोर्टात गेला, स्थगिती मिळाली आणि तारखा पडू लागल्या. ऑपरेशन पुढे गेलं. पार्लरवाली गुडघ्याला पट्टा बांधून पुन्हा जुन्या दुकानात उभी राहिली, आता पगारावर. मालकीण झालेली मुलगी तिला अजून ताईच म्हणे. फक्त "ताई, गप्पा जरा कमी," असंही म्हणे.

एका दुपारी एका बाईचे ओले केस विंचरताना तिचा फोन वाजला.

"तेरा जण उलटले, एकच नाही म्हणालं," सोफेवाला बोलत होता. "ती तुम्हीच, मला माहितेय. आईला अखेर सगळं सांगितलं. ती रोज तुमचं नाव घेते. तुमचे उपकार आहेत."

मी नव्हते ती, हे वाक्य तिच्या ओठांपर्यंत आलं. पण तिकडे ती म्हातारी असेल, कदाचित फोनला कान लावून.

"आईंना जपा," ती म्हणाली.

"ताई," मालकिणीने हाक मारली, "त्यांच्या मानेवर पाणी उतरतंय."

तिने फोन खिशात टाकला आणि टॉवेल घेतला.