एदेलमिराची जुडी

एवेलिओ संशयी आहे हे आमच्या इमारतीत कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. रेशनचा पाव घेतला की तो दुकानातच हातावर तोलून बघतो. नर्सने रक्तदाब सांगितला की म्हणतो, परत घ्या. जिन्यात दोन बायका बोलता बोलता गप्प झाल्या, तर त्याच्याबद्दलच बोलत होत्या हे त्याच्या लेखी पक्कं. तसं बहुतेक वेळा ते खरंच असतं म्हणा. अशा माणसाबरोबर तू राहतेस तरी कशी, असं मी एकदा त्याच्या बायकोला विचारलं होतं. "माझ्यावर नाही गं कधी संशय घेत," एदेलमिरा म्हणाली आणि खुशाल कॉफी ढवळत बसली.

ती गेली त्याला वर्ष उलटून गेलं. सिगारच्या कारखान्यात आमचे बाक शेजारी शेजारी होते. तंबाखूची पानं जुळवायची, वळायची, वरून नितळ पान लपेटायचं आणि टोकाला पानाचीच छोटी टोपी चिकटवायची, यात आमची उमर गेली. संध्याकाळी प्रत्येकीला घरी ओढण्यासाठी थोड्या सिगारी वळून नेता यायच्या. एदेलमिराला धूर सोसायचा नाही. ती आपल्या सिगारी फितीने बांधून, जुडी करून नवऱ्यासाठी न्यायची. तो सणावाराला जुडी न सोडता वरची एखादी उपसून ओढायचा. ती गेल्यावर त्याने तेही सोडलं. राहिलेल्या जुड्या जपायच्या, एवढंच त्याला काम उरलं.

सिगारींसाठी म्हणे चकचकीत लाकडी पेट्या मिळतात, आत ओलावा दाखवणारा काटा असतो. असतील. एवेलिओच्या पेन्शनीत त्या पेटीची बिजागरीसुद्धा आली नसती. त्याने घरात धूळ खात पडलेला रशियन फ्रिज घेतला. त्याची मोटर कधीच जळली होती, पण दार अजून घट्ट बसायचं. मोडक्या सिगारपेट्यांच्या देवदाराच्या फळ्या काढून त्याने आतून लावल्या. साबणाच्या डबीत ओला स्पंज ठेवला, तोही उकळून गार केलेल्या पाण्याने भिजवलेला, नाहीतर बुरशी धरते. पावसाळ्यात तो डबी बाहेर काढायचा, हवा कोरडी झाली की परत ठेवायचा. हे सगळं फुकटात झालं. मग वाचलेल्या पैशांतून त्याने फ्रिजला कुलूप लावलं.

कुलूप माणसांसाठी असतं. किडा काही दारातून येत नाही, तो पानातच अंडी घालून बसलेला असतो.

एका सकाळी एवेलिओ माझ्या दारात मूठ आवळून उभा राहिला. मूठ उघडली तर तळव्यावर तपकिरी भुकटी.

"फळीवर सांडलेली होती," तो म्हणाला. "एका सिगारीला भोक पडलंय."

एका सिगारीत किडा निघाला की सगळ्या लॉटचा भुसा व्हायला वेळ लागत नाही. त्यावर बिनखर्चाचा इलाज एकच, सगळ्या सिगारी काही दिवस गोठवून ठेवायच्या. आणि इमारतीत डीप फ्रीझर आहे फक्त माझ्याकडे. कारखाना सोडल्यापासून मी सरबत पेल्यांत गोठवून पोरांना विकते.

"घेऊन या," मी म्हटलं. "जागा करते."

"काय घेशील?"

"काही नको."

"काहीच नको?" त्याचे डोळे बारीक झाले. "का बरं?"

"अहो, एदेलमिराच्या आहेत म्हणून!"

"फुकट काम करणाऱ्याचा हिशेब मला कळत नाही."

"बरं, मग एक वाटी साखर द्या."

"बघ! आलीस ना मुद्द्यावर?" तो म्हणाला, आणि समाधानाने साखर आणायला गेला.

जुड्या त्याने प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून आणल्या. हवा आत जाऊ नये म्हणून तोंडं चिकटपट्टीने बंद केली होती, आणि प्रत्येक पट्टीवर आडवी सही ठोकली होती.

"हे काय? बँकेत ठेवताय का?"

"बँकेत ठेवल्या असत्या तर दोन सह्या केल्या असत्या."

मी एकेक पिशवी आत लावत होते. शेवटच्या पिशवीतली पिवळ्या फितीची जुडी हातात आली आणि मी थबकले. ती मी ओळखली. एदेलमिराच्या शेवटच्या महिन्यांतली होती ती.

"ही जुडी सोडू नका हं," माझ्या तोंडून निघून गेलं. "परत नेल्यावरसुद्धा अशीच राहू द्या."

"का?"

"गोठलेलं पान ठिसूळ होतं. हाताळलं की तडकतं."

हे खोटं नव्हतं. पण बाकीच्या जुड्यांबद्दल मी तसं बोलले नव्हते, आणि एवेलिओने ते बरोबर टिपलं. तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी आत्ताच त्याच्या खिशातून हात काढला होता.

त्यानंतर त्याने माझा जीव खाल्ला. सकाळी यायचा, दुपारी यायचा, झाकण उघडून सह्या तपासायचा. "अहो, गारवा पळतो," मी ओरडायचे. "गारवाच पळतोय ना? मग हरकत नाही," तो म्हणायचा. एकदा दिवसाढवळ्या लाइट गेली ती येता येईना. मी पोरांना सरबताचे पेले वाटून टाकले, फ्रीझरवर गोधड्या टाकल्या, आणि हा बाबा माझ्या स्वयंपाकघरात खुर्ची टाकून गोधडीवर नजर लावून बसला. माझ्याच घरात मीच चोर! तरी त्याला जेवायला काळे वाल आणि भात मीच वाढला. त्याने आधी वास घेतला, मग खाल्ला.

शेवटी दिवस भरले. एकदम उन्हात नेल्या तर पान फाटेल म्हणून मी पिशव्या आधी माझ्या साध्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवल्या, मग बाहेर काढल्या. त्याने सह्या नीट बघितल्या, मान हलवली आणि पिशव्या घेऊन गेला. किडा मेला, सुटले, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी दार धाडधाड वाजलं. एवेलिओच्या एका हातात पिवळी फीत होती आणि दुसऱ्या हातात सहा-सात सिगारी. वाकड्या होत्या, मध्येच फुगलेल्या, मध्येच दबलेल्या. टोप्या तर ठिगळासारख्या.

"चोर!" तो जिन्याला ऐकू जाईल असा ओरडला. "सही शाबूत ठेवून आतला माल बदललास! वर चांगल्या ठेवल्यास आणि पोटात हा कचरा भरलास. म्हणून म्हणत होतीस ना, सोडू नका, सोडू नका?"

"एवेलिओ, आत या आणि हळू बोला."

"का हळू? अख्ख्या इमारतीला कळू दे! एदेलमिराचा हात मी अंधारात ओळखेन. हे शिकाऊ पोरीचं काम आहे. असला माल तिने बाकावरसुद्धा ठेवला नसता!"

खालच्या मजल्यावरचं दार किलकिलं झालं. फेर्मीना असणार, तिला असली संधी सोडवत नाही. मला लाज वाटली आणि त्याहून जास्त राग आला. पण एदेलमिराला मी शब्द दिला होता. तेवढ्यात एवेलिओने त्या सिगारी माझ्या उंबऱ्यावर फेकल्या आणि चिरडायला पाय उचलला.

"पाय मागे घ्या!" मी किंचाळले. "त्या तिच्याच आहेत!"

पाय तसाच अधांतरी राहिला. त्याने भिंतीला हात टेकला.

"खोटं."

"तिचे हात थरथरायला लागले होते. ती गेली त्या वर्षी नाही, त्याच्याही आधीपासून. बोटं ऐकत नव्हती. दुपारपर्यंत कशीबशी चालायची, मग मनगट गुडघ्यांत दाबून बसायची. या तिने स्वतः वळल्या आहेत, एकेकीला तासतासभर लागायचा. फेकवत नव्हत्या तिला. म्हणून जुडीच्या पोटात लपवल्या. तुम्ही जुडी सोडत नाही हे तिला माहीत होतं."

"घरी तर कधी..." तो बोलायला लागला आणि थांबला. मग हळूच म्हणाला, "कॉफी मला करायला सांगायची. म्हणायची, तुमच्या हातची आवडते."

मी खाली बसून सिगारी गोळा करायला लागले. एकीचं पान सुटलं होतं, ते थुंकी लावून चिकटवलं.

"मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही गावभर तिच्या हाताचं कौतुक करत फिरायचात. ती म्हणायची, याला कळलं तर हा रोज माझ्या बोटांकडे बघत बसेल. सगळ्या जगावर संशय घेतो, एकटी मी सुटले आहे, तेवढं राहू दे."

एवेलिओ जिन्याच्या पायरीवर बसला. मी सिगारी त्याच्या मांडीवर ठेवल्या. त्याने त्यातली सगळ्यात वेडीवाकडी उचलली आणि तिच्या फुगवट्यावरून अंगठा फिरवत राहिला. रडला नाही. मीच रडले, आणि रडतानाही मला त्याचा राग येत होता.

मग त्याने वर बघितलं. डोळे पुन्हा बारीक झाले होते.

"आणि वरच्या?" त्याने विचारलं. "त्याच जुडीतल्या, बाहेरून लावलेल्या. नितळ आहेत त्या. हात असा झाला होता, तर त्या कुणी वळल्या?"

त्या मी वळल्या होत्या. कारखान्याने ठरवलेला तिचा दिवसाचा वाटा पुरा करून मग तिच्या घरच्या सिगारीही मीच वळायचे, टोपी तिच्यासारखीच मुडपून, अगदी तिची वाटावी अशी. आणि गेलं वर्षभर हा माणूस देवदाराच्या फळ्यांत ठेवून, ओला स्पंज बदलून, कुलूप घालून त्या जपत होता.

"तिनेच," मी म्हटलं. "एखादा दिवस हात बरा असायचा."

त्याने माझ्या तोंडाकडे निरखून बघितलं. मग मान हलवली, सिगारी शर्टाच्या आत छातीशी धरल्या आणि एक शब्दही न विचारता घरी गेला.