जानकीबाईंनी निवडलेले यंत्र

मित्रांनो, मुलुंडच्या पारिजात सोसायटीत पाण्याच्या पंपाशेजारी एक बुटकी खोली आहे. तिच्यात लाकडी फळीवर, हिरवा रंग जागोजागी उडालेले, गवत कापण्याचे एक यंत्र ठेवलेले असते. ते जुने यंत्र म्हणजे मी. आता १९८९ साल चालू आहे. माझ्या आयुष्यातली जेमतेम सात वर्षे या सोसायटीत गेली, पण त्या आधीच्या दिवसांना मी आयुष्य म्हणतच नाही.

माझा जन्म एका ओतशाळेत झाला. बिडाची दोन चाके, पोलादाची पाच पिळदार पाती, त्यांच्या खाली एक आडवे पक्के पाते, मागे लाकडी रूळ आणि ढकलायला लांब दांडा. एवढाच माझा संसार. माझ्यात मोटार नाही की इंजिन नाही. माणसाने ढकलले की चाके फिरतात, चाकांबरोबर पाती फिरतात, आणि पिळदार पाते व खालचे पाते यांच्यात सापडलेले गवत कात्रीत सापडल्यासारखे कापले जाते.

भायखळ्याच्या एका दुकानात मी दोन वर्षे कोपऱ्यात उभे होते. दुकानात शिरणाऱ्याची नजर आधी जायची ती लाल रंगाच्या, पेट्रोलवर धडधडणाऱ्या मोठ्या यंत्राकडे. मग धूळ बसली, ती पुसलीही गेली नाही. आपण कुणाच्या उपयोगी पडणारच नाही, असे मला वाटू लागले होते.

मग १९८२ च्या नोव्हेंबरात पारिजात सोसायटीचे सेक्रेटरी जयवंतराव कारखानीस दुकानात आले. त्यांच्याबरोबर एक सडपातळ बाई होत्या. त्या जानकीबाई. सोसायटीचे आवार झाडणे आणि झाडांना पाणी घालणे हे त्यांचे काम. चार इमारतींच्या मधल्या चौकातले गवत विळ्याने कापणारा माळी गावी निघून गेला होता आणि ‘ते काम पण मीच करते’ असे जानकीबाईंनी कमिटीला सांगितले होते.

जयवंतराव थेट लाल यंत्रापाशी गेले. “हे झकास आहे. सोसायटीला शोभेल.”

जानकीबाई दुकानभर फिरल्या आणि माझ्यासमोर थांबल्या. त्यांनी माझा दांडा धरला. तो बरोबर त्यांच्या कमरेशी आला. त्यांनी मला दोन पावले पुढे ढकलले, मागे ओढले, मग पुढून उचलून पाहिले.

“साहेब, हे घ्या,” त्या म्हणाल्या.

“हे? अहो जानकीबाई, हे खेळणं आहे!”

“मग आपलं लॉन तरी केवढं आहे, साहेब? आणि ते लाल मशीन सुरू झालं ना, की तळमजल्यावरची सगळी पोरं झोपेतून उठून रडतील. पंपाच्या खोलीची पायरी चढवायला दोन माणसं लागतील. ढकलणार कोण? मीच ना? मग मला झेपेल ते बघा.”

दुकानाचे शेटजी हसले. त्यांनी वर्तमानपत्राची एक पट्टी फाडली, मला थोडे कलते केले, पट्टी माझ्या पात्यांत धरली आणि चाक हाताने हळूच फिरवले. पट्टी कुर्रकन कापली गेली. डाव्या टोकाला, मधोमध, उजव्या टोकाला, तिन्ही ठिकाणी.

“बाई, हे लक्षात ठेवा,” शेटजी म्हणाले. “कागद सगळीकडे सारखा कापला तर मशीन ठीक आहे. एका बाजूला चुरगळला तर त्या बाजूचा स्क्रू थोडासा फिरवायचा. थोडासाच हां! आणि चाक फिरवताना बोट नेहमी लांब.”

जयवंतरावांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण मला घेतले. टेम्पोत बसून मुलुंडला येताना जानकीबाईंचा हात सारा वेळ माझ्या दांड्यावर होता. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी मला निवडले होते!

पहिल्या दिवशी मला वाटले, आता चौकात जाऊन लगेच धावायचे. पण जानकीबाईंनी मला भिंतीला टेकवून ठेवले आणि हातात बादली घेऊन त्या सगळ्या हिरवळीवरून ओणव्याने फिरल्या. खडे, फुटकी कौले, बाटलीची बुचे, केसांच्या पिना, फटाक्यांच्या तारा असे काय काय त्या बादलीत पडले. मग त्यांनी खेळणाऱ्या मुलांना कट्ट्यापलीकडे पाठवले. पायांत कॅनव्हासचे बूट घातले. ते बूट त्यांना इतके मोठे होते की पुढे चिंध्या कोंबाव्या लागल्या होत्या.

ते बूट त्यांच्या नवऱ्याचे होते. जानकीबाई माझ्याशी काम करताना पुटपुटत असत, त्यावरून मला हे कळले. सहदेव परळच्या गिरणीत फिटर होते. जानेवारीत संप झाला, गिरणी बंद पडली, आणि तेव्हापासून ते हत्यारांची पिशवी खाटेखाली सारून घरी बसले होते. आधी बोलायचे, भांडायचे. मग तेही थांबले. “मी त्यांचे बूट घालून निघाले तरी ते काही बोलले नाहीत,” जानकीबाई मला म्हणाल्या. “ओरडले असते तर बरं वाटलं असतं.”

त्या दिवसापासून आमचे छान जमले. दर आठवड्याला आम्ही चौक कापायचो. गवत फार वाढले असेल तर जानकीबाई एका झटक्यात ते बोडके करत नसत. मागचा रूळ खाली सरकवून मला उंच ठेवायच्या आणि वरवरचे शेंडे काढायच्या; चार दिवसांनी पुन्हा थोडे. काम झाले की ब्रशने माझ्या पात्यांतला गवताचा प्रत्येक तुकडा काढायच्या, घासलेटाच्या फडक्याने पुसायच्या, दोन्ही बाजूंना तेलाचे दोन-दोन थेंब सोडायच्या आणि फळीवर ठेवायच्या, म्हणजे जमिनीची ओल मला लागू नये. उन्हाळा येईपर्यंत तो खडबडीत चौक असा मऊ झाला की संध्याकाळी म्हातारी माणसे चपला काढून त्यावर चालू लागली. शेजारच्या सोसायटीतले लोक गेटातून डोकावून पाहायचे. जयवंतराव त्यांना सांगत, “मशीन मी स्वतः निवडलं.” जानकीबाई पदराआड हसायच्या. मलाही हसू यायचे.

पण सुखाला दृष्ट लागायची होती. १९८३ च्या पंधरा ऑगस्टला चौकात झेंडावंदन होते आणि कोणी मोठे पाहुणे येणार होते. मांडववाले तेरा तारखेलाच येऊन खांबांसाठी मेखा ठोकून गेले. आठवडाभर संततधार होती. गवत गुडघ्याकडे निघाले होते आणि पाण्याने निथळत होते. चौदा तारखेला सकाळी जरा उघडीप मिळताच जयवंतराव खाली आले.

“जानकीबाई, आत्ताच्या आत्ता कापा.”

“साहेब, ओल्या गवतात मशीन घालू नये. पाय पण सटकतो. दुपारपर्यंत वारा लागू दे, मग उंच ठेवून कापते.”

“आणि दुपारी परत पाऊस आला तर? सगळी वाट लागेल! द्या इकडे.”

ते घरातल्या सपाता घालूनच आले होते. त्यांनी खडे वेचले नाहीत की कुठे काही पडले आहे का ते पाहिले नाही. माझा दांडा धरला आणि निघाले. ओले गवत कापले जात नव्हते, पात्यांना गुंडाळले जात होते. मी कण्हत होते, पण आमचे कण्हणे ऐकू येते ते सवयीच्या कानालाच. जानकीबाई मागून ओरडल्या, “साहेब, थांबा!” तेवढ्यात गवतात लपलेल्या लोखंडी मेखेवर मी धाडकन आदळले. माझी दोन पाती वाकली, खालचे पाते तिरके झाले.

जयवंतरावांनी मला मागे ओढले. त्यांना वाटले, फक्त गवत अडकले आहे. ते वाकले, दांडा खांद्याने पुढे रेटून धरला आणि पात्यांत हात घालून गवताचा बोळा ओढला. बोळा निघाला. अडलेली चाके अर्धा वळसा फिरली. चाके फिरली की पाती फिरणारच. मला थांबता आले नाही.

मित्रांनो, त्यांच्या दोन बोटांची टोके खोलवर चिरली गेली. मी त्या बोटांचे रक्त अंगावर घेऊन उभे होते. मला रडता येत असते, तर मी रडले असते.

जानकीबाईंनी पदराचा काठ टरकन फाडला, बोटे घट्ट बांधली, हात वर धरायला लावला आणि रिक्षातून त्यांना डॉक्टरांकडे नेले. सात टाके पडले. बोटे वाचली. पण दुसऱ्या दिवशी झेंडावंदन उरकताच कमिटीने ठरवले, की हे यंत्र धोक्याचे आहे, भंगारात द्यायचे आणि गवताचे काम बाहेरच्या माणसाला सोपवायचे. म्हणजे माझ्याबरोबर जानकीबाईंचेही माळीकाम गेले. जयवंतराव बँडेज बांधलेला हात मांडीवर ठेवून बसले होते. चूक कोणाची ते त्यांना ठाऊक होते, पण ते बोलले नाहीत.

मी पंपाच्या खोलीत जमिनीवर पडून होते. पात्यांवर तांबूस गंज चढू लागला. चौथ्या दिवशी दारात जानकीबाई दिसल्या, आणि त्यांच्या मागे एक उंच, दाढी वाढलेला माणूस. खांद्याला हत्यारांची पिशवी. तेच सहदेव.

“ह्या भंगारात घालतले?” त्यांनी विचारले.

“उद्या भंगारवालो येतलो.”

सहदेव माझ्यासमोर उकिडवे बसले. बराच वेळ त्यांनी मला हात लावला नाही, नुसते पाहिले. मग म्हणाले, “बीड फुटलेला नाय. पातीच वाकल्यात. ह्या मेलेला नाय गो, जखमी झालेला आसा.”

त्यांनी सर्वांत आधी मला दोन विटांवर चढवले, म्हणजे चाके जमिनीला टेकणार नाहीत. मग पात्यांमध्ये लाकडाची एक जाड पाचर ठोकली आणि चाक हलवून पाहिले. पाती जागची हलली नाहीत. त्यानंतरच त्यांचा हात आत गेला.

दारात सावली पडली. जयवंतराव उभे होते. “ती पाचर कशाला?” त्यांनी विचारले.

सहदेवांनी मान वर केली. “साहेब, मशीन बंद आहे असं आपल्याला वाटतं. ते मशीनला कुठे माहीत असतं? आधी त्याला अडवायचं, मगच हात घालायचा. गिरणीत मी बावीस वर्षं काढली. दहाच्या दहा बोटं घेऊन घरी आलो, ती ह्याच्यामुळे.”

जयवंतरावांनी आपल्या बँडेजकडे पाहिले आणि ते खाली पायरीवर बसले. एरवी असे उत्तर ऐकून ते कदाचित चिडले असते. पण त्या संध्याकाळी ते अंधार पडेपर्यंत बसून राहिले. पाना हवा की पाना द्यायचे, फडके हवे की फडके.

तीन दिवस सहदेव येत होते; भंगारवाला आला तेव्हा जयवंतरावांनी त्याला गेटवरूनच परत पाठवले. पाती लाकडावर ठेवून हलक्या हातोडीने सरळ केली. तेलात कालवलेली कुरुंदाची पूड पात्यांना लावली आणि लांब हँडलने पाती उलटी फिरवत त्यांना धार आणली. तिसऱ्या दिवशी ते दाढी करून आले. जानकीबाईंनी पाहिले न पाहिलेसे केले, पण ब्रश घेऊन माझी चाके घासताना त्या गुणगुणत होत्या. मी त्यांना गुणगुणताना पहिल्यांदाच ऐकले.

रविवारच्या सभेत जयवंतराव उभे राहिले. “मशीन धोक्याचं नाही,” ते म्हणाले. “मला बाईंनी थांबवलं होतं, मी ऐकलं नाही. हा हात माझ्या अडाणीपणाने कापला गेला. मशीन राहील, आणि माळीकाम जानकीबाईंकडेच राहील. आणि ते मशीन मी निवडलं नव्हतं. त्यांनीच निवडलं होतं.” सभेत कुणीतरी हसले. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

गिरणी काही सुरू झाली नाही. पण सोसायटीचा पंप बिघडला तेव्हा जयवंतरावांनी सहदेवांना बोलावले. मग शेजारच्या सोसायटीने, मग एका शाळेने. आज मुलुंडमध्ये कुठे पंप कुरकुरला की लोक म्हणतात, “सहदेवला निरोप धाडा.” त्यांचे बूट जानकीबाईंनी त्यांना परत केले आणि स्वतःच्या मापाचे नवे घेतले.

आता माझे सांधे थोडे खुळखुळतात. यंदा जानकीबाई सुगंधा नावाच्या एका बाईंना आपले काम शिकवत आहेत. सुगंधाबाई चाळिशीच्या, कामाला चपळ. पहिल्याच दिवशी त्या माझा दांडा धरून म्हणाल्या, “मावशी, कापू ना?”

“नाही गं. आठ दिवस नुसतं पूस.”

“नुसतं पूस? गवत कधी कापायचं मग?”

“तुला ह्याचं पातं न् पातं डोळे मिटून सांगता आलं की.”

आठ दिवस सुगंधाबाई मला पुसत होत्या. आधी नाक मुरडत, मग निगुतीने. नवव्या दिवशी ऊन पडले, गवत वाळले, आणि नवे हात मला घेऊन चौकात निघाले.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना धार असते, पण डोळे नसतात. समोर गवत आहे की खडा आहे की बोट आहे, हे आम्हाला कळत नाही. ते पाहणे तुमचे काम. तुमच्या घरी, शाळेत, सोसायटीत एखादे यंत्र असेल तर त्याला पुसा, तेल द्या, कोरड्या जागी ठेवा. त्याच्या पुढ्यात कधी घाई करू नका. आणि ते चालवणारे माणूस ‘थांबा’ म्हणाले, तर थांबा. मोठे साहेब असलात तरी थांबा.

चौकातून ओल्या मातीचा आणि कापलेल्या गवताचा वास येतो आहे. सुगंधाबाईंची पहिली ओळ थोडी वाकडी गेली. जानकीबाई कट्ट्यावर बसून पाहत आहेत. दुसरी ओळ सरळ येते आहे.